किल्ली हातात, गाडी चालू

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग नुसता लिहिण्यापुरता नाही. पाठीत उसण भरल्यामुळे मी खरोखरच पालथा पडून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं आलं आहे. उसण कशाने भरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. हा 'सुखरूप' शब्द मी आजवर प्रत्येक पत्रात सवयीने लिहीत आलो. या खेपेला मात्र लिहिण्याआधी सौ.ला आतून हाक मारली, तिने 'ओ' दिली, आणि मगच लिहिला.

मामा, तुम्ही तुमची जुनी डिझेल व्हॅन आम्हाला भेट दिलीत, मी तिच्यात मागे दातांची खुर्ची बसवून घेतली, आणि तेव्हापासून आम्ही नवराबायको लांबलांबच्या वस्त्यांवर दात काढत हिंडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "तेल बदलायला झालंय बघ. नीट बघून घाल. चुकीचं तेल गेलं तर इंजिन जाम होईल, आणि तेही नेमकं उतारावर." एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात. ही काय बोलायची पद्धत झाली? मी रोज माणसांच्या हिरडीत सुई खुपसतो, पण त्याआधी 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं काहीतरी खोटं बोलतो. तेवढी माणुसकी तुम्हीही दाखवायला हरकत नव्हती. खालच्या वस्तीचा रस्ता म्हणजे सगळा उतारच, शेवटी वळण, आणि वळणावर कठडा नसलेला पूल. तुमचं ते 'नेमकं उतारावर' माझ्या कानात जाऊन बसलं. त्या दिवसापासून गाडीतून मला नवेनवे आवाज ऐकू यायला लागले. सौ. म्हणाली, तो मागच्या कपाटातल्या चमच्यांचा आवाज आहे. मी चमचे काढून घरात ठेवले. आवाज येतच राहिला.

शेवटी मनाचा हिय्या करून तेल आणायला निघालो. जाताना शेजारचे साहेब भेटले. (पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यांच्या मते जगातला कुठलाही प्रश्न नळाच्या प्रश्नापेक्षा सोपा असतो.) ते म्हणाले, पातळ तेल घ्या, पातळ तेल पाण्यासारखं सगळीकडे पोचतं. दुकानात गेलो तर समोर भिंतभर डबे, आणि प्रत्येक डब्यावर दोन आकडे. दुकानदाराने समजावलं की पहिला आकडा इंजिन गार असतानाचा, दुसरा तापल्यावरचा, आणि आकडा जितका मोठा तितकं तेल दाट. मग माझ्याकडे रोखून बघत त्याने विचारलं, "गाडी तेल खाते का?" मामा, घरात कुणाला वेडाचे झटके येतात का, असं विचारल्यासारखं मला झालं. मी घाईघाईने म्हटलं, छे छे, आमची गाडी तसली नाही. तो म्हणाला, तरी जुनं इंजिन आहे, आतल्या फटी रुंदावलेल्या असणार, पातळ तेल त्यातून पळेल, दाटच घ्या. मी दाट डब्याला हात घातला, तर तोच पुन्हा म्हणाला, पण फार दाट घेतलंत तर सकाळी गार इंजिनात ते वरपर्यंत चढत नाही, तोवर लोखंडावर लोखंड घासतं. मी हात मागे घेतला. मधला एक डबा उचलला, तर तो म्हणे पेट्रोलच्या गाडीचा निघाला, डिझेलची काजळी त्याला झेपत नाही. म्हणजे पातळ घेतलं तर पळणार, दाट घेतलं तर घासणार, मधलं घेतलं तर काजळी. मागे गिऱ्हाईकं खोळंबली होती, त्यातला एक जण मोठ्याने उसासे टाकत होता. घाबरलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. सर्वांत महागडा डबा घेतला आणि दुकानाबाहेर पडलो. तो सर्वांत पातळ तेलाचा होता.

जुनं तेल काढून नवं ओतायचं काम मी घरामागच्या बोळात केलं. ओतून झाल्यावर मोजपट्टी बुडवून बघितली, तर तेल खालच्या खुणेलाही लागेना. आणखी ओतलं. पट्टी पुसली, बुडवली, तरी कमीच. तेल कमी म्हणजे इंजिन जाम, जाम म्हणजे उतार, उतार म्हणजे तो पूल. पुन्हा ओतलं. डबा संपला तेव्हा मागच्या खेपेचा उरलेला डबा शोधून काढला आणि तोही रिकामा केला. एकदाची पट्टी भिजलेली दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. (आमचा बोळ चढाचा आहे, गाडीचं नाक चढाकडे होतं, त्यामुळे आतलं तेल सगळं मागे जाऊन पट्टीला कमीच लागत होतं, ही गोष्ट मला त्या वेळी सुचायला हवी होती. पण भीती वाटत असताना मला भूगोल सुचत नाही.)

दुसऱ्या दिवशी गाडी तपासायला मेकॅनिक आला. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. दारातून आडवा होऊन आत येतो एवढा मोठा माणूस, पण दाढ दुखायला लागल्यापासून मला बघून रस्ता बदलायचा. त्या दिवशी त्याचा गाल चांगलाच सुजलेला होता. त्याने बॉनेट उघडलं, हवेचा फिल्टर काढून झटकायला बाजूला ठेवला, इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "गरम होऊ दे, मग तेल बघू. कुणी घातलं?" मी म्हटलं, मी. "किती घातलं?" लागेल तेवढं, असं मी म्हटलं. (रोज गोड खाणारे पेशंट मला ज्या सुरात 'कधीतरी' म्हणतात, तोच सूर माझ्या तोंडून निघाला.) तेवढ्यात सौ. बाहेर आली, तिने त्याचा गाल बघितला, आणि हे नुसतं बघतील हो, हात लावणार नाहीत, असं म्हणत त्याला मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. त्याने खुर्चीचे हात असे धरले की मला खुर्चीची काळजी वाटली. बघितलं तर दाढ काढण्यावाचून इलाज नव्हता. त्याला भूल दिली, तोंड मिटू नये म्हणून रबरी ठोकळा बसवला, खुर्ची पूर्ण मागे झुकवली, वर दिव्याचा दांडा ओढून घेतला. इतकं होईतो सगळं ठीक होतं.

आणि इंजिनचा आवाज चढायला लागला. आधी मला वाटलं, बाहेर कुणीतरी ट्रक चालू केला. मग वाटलं, आपल्याच गाडीच्या ॲक्सिलरेटरवर कुणी पाय देतंय. वाकून बघितलं तर पुढे कुणीच नव्हतं. आवाज चढतच चालला, गाडी थरथरू लागली, माझी हत्यारं ट्रेमध्ये नाचायला लागली, आणि मागून पांढरा धूर असा उठला की बोळ दिसेनासा झाला. सौ. म्हणाली, थांबा, मी बंद करते, आणि पुढे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिने हात पुढे केला.

"किल्ली तर माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "मग हे काय चालू आहे?"

मी पैलवानाकडे बघितलं. तोवर तो मला घाबरत होता, आता त्याचे डोळे इंजिनकडे लागले होते, आणि आमच्या तिघांत इंजिनातलं कळणारा तो एकटाच होता. त्याला उठता येईना. पाय वर, डोकं खाली, छातीवर दिव्याचा दांडा. तो ओरडायला लागला, "अआ अंअ अआ! अआ अंअ अआ!"

दुसऱ्या कुणालाही यातलं अक्षर कळलं नसतं. पण लोकांच्या तोंडात दोन्ही हात घालून त्यांना मुलंबाळं कशी आहेत असं विचारण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. मला लख्ख ऐकू आलं, "हवा बंद करा!" मी हात दाखवला, हाताने? त्याने डोळे फिरवले. "आअ अओ! ए! ए!" हात नको. ट्रे. ट्रे.

मी हत्यारं जमिनीवर उलटी केली, ट्रे उचलला आणि पळालो. यात शौर्य काही नव्हतं. गाडीतून उतरताक्षणी खरं तर मला उलट्या बाजूला पळायचं होतं, पण ही दोघं आत होती, आणि सौ.च्या हातातली ती किल्ली माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बॉनेटखाली फिल्टर काढलेल्या नळीचं तोंड उघडं होतं आणि ते इतक्या जोराने हवा ओढत होतं की माझ्या कोटाचं टोक तिकडे ताणलं गेलं. डोळे मिटून ट्रे त्यावर दाबला. तो असा चिकटला, जणू आतून कुणी ओढून घेतला. गाडी गुरगुरली, धक्के देत नाचली (उसण तेव्हाच भरली), एकदा जोराने उसळली आणि गप्प झाली. मग कुठेतरी माझी एक सळई घरंगळत गेली, तेवढाच आवाज. मी ट्रे काढायला तयार नव्हतो. सौ.ने येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली.

पैलवानाला सोडवल्यावर त्याने बधिर जिभेने मला बरंच काही सुनावलं. सौ. मध्येमध्ये विचारायची, काय म्हणाले? मी सांगण्यासारखं तेवढं सांगितलं. सार असं की तेल नको इतकं पातळ होतं आणि नको इतकं जास्त होतं. ते हवेच्या वाटेने आत गेलं आणि इंजिन डिझेल सोडून आपलंच तेल प्यायला लागलं. किल्ली फक्त डिझेल बंद करते, त्यामुळे किल्लीचा काही उपयोग नसतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर इंजिनचे तुकडे झाले असते. त्याने जादा तेल बादलीत काढलं आणि बादली माझ्यासमोर आणून ठेवली. मग ते पातळ तेल पार काढून, या इंजिनाला कारखान्यानेच ठरवून दिलेलं, डिझेलचं पंधरा-चाळीस घातलं, तेही गाडी सपाट रस्त्यावर नेऊन, वरच्या खुणेच्या जराशी खालीच. इतकं होईतो त्याची भूल उतरत आली होती. तो आपणहून खुर्चीत जाऊन बसला आणि पुन्हा सुई टोचून घेतली. अट एकच, किल्ली त्याच्याकडे राहील. दाढ निघेपर्यंत त्याने ती मुठीत आवळून धरली होती.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा, अजून थरथरणारा,
भाचा

ता. क. : गाडी उत्तम झाली आहे, पैलवान तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन आला. मी मात्र त्या दिवसापासून पुढच्या सीटवर बसलेलो नाही. शनिवारी खालच्या वस्तीवर जायचं कबूल केलं आहे. तिथल्या एका आजींच्या हिरडीत पू झाला आहे, त्या आठवडाभर पेजेवर आहेत, त्यांना नाही म्हणवत नाही. पत्र लिहायचं खरं कारण हेच. तुम्ही शुक्रवारी या आणि शनिवारी माझ्या शेजारी बसा. गाडी चालवू नका, काही सांगू नका, नुसते बसा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात सौ.चं मामींशी फोनवर बोलणं झालं. हीच गाडी अशीच एकदा तुमच्या हातात असताना सुटली होती म्हणे. तुम्ही उडी मारून शेजाऱ्यांच्या भिंतीआड उभे राहिलात, आणि मामींनी आत बसून, ब्रेक गच्च दाबून, वरचा गिअर टाकून ती बंद पाडली. पुढच्याच महिन्यात तुम्ही ती आम्हाला भेट दिलीत. मी अजिबात रागावलेलो नाही. ऐकून उलट हायसं वाटलं. तरी शुक्रवारी याच, फक्त मामींना घेऊन या. पुढे स्टिअरिंगवर त्या बसतील. आपण दोघं मागे बसू.