माऊसवाल्यांचा तक्ता

प्रिय श्रेयांस,

माझं नाव बघून दचकू नकोस. तुझ्या लग्नानंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आजही लिहिणार नव्हते. पण सोमवारपासून माझं काम जातंय. नोकरी नाही जात, काम जातंय. खुर्ची राहणार, पगार राहणार, फक्त करायला काही नसणार. तू म्हणशील, मजा आहे बुवा एका माणसाची. मला मात्र जेवण गोड लागेनासं झालंय.

झालं असं की आपल्या बियाणे कंपनीची वेबसाइट बदलली आणि तिच्याबरोबर साठ्याचा तक्ताही. माझ्या शेजारी फोन घेणारी अंबरीन म्हणते, दिसायला फार देखणा आहे. असेल. मला दिसत नाही आणि माझा सगळा कारभार कीबोर्डवर आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या कानातल्या आवाजावर, हे तुला वेगळं सांगायला नको. जुन्या तक्त्यात मी टॅबने एकदा शिरले की पुढे बाणांच्या बटणांनी हिंडायचे. उभी गावं, आडवी वाणं. फोनवरचा माणूस "ताई, परतूरला तुरीचं बियाणं हाये का न्हाई, जल्दी सांगा" म्हणेपर्यंत मी परतूरच्या ओळीत पोचलेली असायचे. एन्टर दाबलं की त्याच्या पिशव्या राखून ठेवल्या जायच्या आणि मी होते तिथेच असायचे. आता बाण दाबले तर काहीच हलत नाही. प्रत्येक चौकोनावर टॅब दाबत जायचं, भोकरदन, बदनापूर, अंबड, एकेक वाण ऐकत. एवढं करून परतूरला पोचावं, पिशव्या राखाव्यात, तर पान मला पुन्हा पार वर नेऊन आपटतं. परवा राजूरचे एक काका थांबून थांबून कंटाळले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या दिसून राह्यल्या. त्या जुन्या ताईला द्या की." जुनी ताई मीच, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी फोन अंबरीनकडे दिला.

तो जुना तक्ता तू केला होतास. स्क्रीन बंद करून, माऊस माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून तू माझ्या शेजारी बसायचास आणि स्वतःच्याच तक्त्यात हरवून स्वतःलाच शिव्या द्यायचास. मी हसून हसून बेजार. मग तू निमूटपणे विचारायचास, दैवशाला, आता मी कुठे आहे? त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की आपलं पुढे काहीतरी होईल. आज लिहूनच टाकते, तुलाही तसंच वाटत होतं. तुझ्या आई एकदा मस्तगडातल्या तुमच्या घरून घेवर घेऊन ऑफिसात आल्या, मला स्वतःच्या हाताने भरवलं, "बहुत गुणी लड़की है" म्हणाल्या, आणि पुढच्याच महिन्यात तुझी लग्नपत्रिका माझ्या टेबलावर आली. ती अंबरीनने वाचून दाखवली. तू पुण्याला गेलास. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन फोन घेतले. पेरणीचे दिवस होते, फोन थांबत नव्हते, म्हणून तरले.

आत्ताही पेरणीचेच दिवस आहेत. शेठजी, आपले किशनलालजी, मला बोलावून म्हणाले, "बेटी, एवढी तकलीफ कशाला? सोमवारपासून दारापाशी बस, आल्यागेल्याला नमस्कार कर. पगार बराबर मिळेल." अंबरीन म्हणते, मी माऊस चालवते, तू नुसती बोल. सगळे इतके चांगले वागतायत की भांडायलासुद्धा कुणी सापडत नाही. मागे फोन वाजत राहणार आणि मी मांडीवर हात ठेवून नमस्कार करत बसणार. मी हे सोसू शकणार नाही, श्रेयांस.

म्हणून काल मी स्वतःच साइटवाल्यांच्या पुण्याच्या नंबरवर फोन लावला. एकता नावाची एक मुलगी बोलली, आवाजाने गोड. मी अडचण सांगितली तर तिला पटेचना. म्हणाली, "मॅडम, ज्यांना दिसत नाही त्यांचा विचार करूनच केलंय हे. एकही चौकोन सुटू नये म्हणून प्रत्येकावर टॅब थांबवलाय. श्रेयांस सरांनी स्वतः केलंय. त्यांना यातलं माहितीये, जालन्यात त्यांच्या ओळखीची एक होती." मी फोन ठेवला. शेठजींनी जुन्या संबंधातून काम तुला दिलं असणार, आणि मला लागू नये म्हणून ऑफिसात कुणी तुझं नाव घेतलं नसणार. पत्रिका आली तेव्हा रडले होते, काल रडूही आलं नाही. तू मला विसरावंस म्हणूनच मी इतकी गप्प राहिले रे. पण माझी बोटं कशी चालतात, तेही विसरलास? असो. सोमवारच्या आत एवढं कर. टॅबने एकदा आत, आत बाणांनी फिरू दे, पुन्हा टॅबने बाहेर, आणि एन्टर दाबल्यावर मला जिथल्या तिथे राहू दे. दुसरं काही मागत नाही. फक्त करायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंस. मी फोन उचलला असता.

तुझीच,
जालन्यातली ओळखीची,
दैवशाला