ऊनाबाईंचा दुसरा आकडा

१२ ऑगस्ट
डेस ट्रेगियर या निवडणुकीत पडणार. हे त्याच्या आधी मला कळलं. सकाळपासून चार दुकानांतले फ्रीज उघडले. मेकॅनिकसमोर माणसं मोकळी बोलतात. खाटीक म्हणाला, "तुझा खासदार कार्बन-कराच्या बाजूचा की विरोधातला? त्याला कळलं की मलाही कळव."

मलाही त्या कराचं प्रेम नाही. फ्रीजमध्ये भरायचा गॅस तिप्पट महागला. पण डेस आपला माणूस. माझी एकच व्हॅन होती तेव्हा डेअरीच्या शीतगृहाचं काम त्यानंच मिळवून दिलं.

१५ ऑगस्ट
गणित सोपं आहे. आमच्याकडं मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढं पसंतीचा आकडा घालायचा – एक, दोन, तीन. हरित पक्षाच्या ऊना पॅस्को – निवृत्त शिक्षिका – निवडून येत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक. पण कमी मतांमुळं त्या मोजणीत बाद झाल्या की त्यांची मतं जातात मतपत्रिकेवर ज्याच्यापुढं 'दोन' त्याला. कुणाला कितवा आकडा द्यायचा याचं कार्ड पक्ष वाटतो; त्यांचे लोक त्यावर बघूनच आकडे घालतात. अपक्ष डेसला तेवढीच मतं हवीत.

डेस म्हणाला, "क्लेम, बाईंकडं तूच जा. मी तिकडं दिसलो तर वीजकेंद्रातले माझे मतदार मला कोळशात पुरतील."

१७ ऑगस्ट
ऊनाबाईंकडं चहा, कडक बिस्किटं.
"कर रद्द करायचं विधेयक आलं, तर डेस काय करणार?"
"विरोधात मत देणार."
"तो म्हणाला?"
"म्हणाला."
म्हणाला होता – गाडीत, खिडकीबाहेर बघत. खिडकीचं मी सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
कार्ड छापून आलं. डेसपुढं दोन.

३१ ऑगस्ट
आगाऊ मतदान. गार पाऊस. मतदान केंद्राच्या फाटकापाशी सगळ्या पक्षांची कार्डं वाटणारी माणसं ऊनाबाईंच्या मोठ्या छत्रीखाली. कर रद्द करा म्हणणारा गडीही शिरला.
"हिरवी छत्री आहे बरं का," बाई म्हणाल्या, "कर लागेल."
"रद्द करू की, बाई. तोवर जरा सरका."
मग त्यानंच सगळ्यांना सॉसेज-पाव आणले.

७ सप्टेंबर
मतदान संपलं. रात्री पहिल्या मोजणीत डेस तीन हजारांनी मागं. बायकोनं विजयासाठी हॉलमध्ये मांडलेली बिअर परत पेटीत भरली.

१३ सप्टेंबर
ऊनाबाई बाद झाल्या, त्यांची मतं वाटली गेली. दहातली आठ डेसला. १८८ मतांनी आला. मला मिठी मारून म्हणाला, "लेका, ही जागा तुझी आहे." बाई कोपऱ्यात टाळ्या वाजवत होत्या.

२१ नोव्हेंबर
व्हॅनमध्ये रेडिओवर ऐकलं. कॅनबरात संसदेपुढं विधेयक आलं, डेसनं कर रद्द करायच्या बाजूनं मत दिलं.

संध्याकाळी त्याचा फोन. "देशाचा कौलच तसा होता, क्लेम. आणि फायदा कुणाचा? तुझाच. गॅस स्वस्त होणार."
खरं आहे. होईल.

२३ नोव्हेंबर
ऊनाबाईंकडं जाऊन आलो. म्हटलं, डेसनं फसवलं.
"डेस चौथीत माझ्या वर्गात होता," त्या म्हणाल्या. "त्याचा शब्द मी तेव्हापासून ओळखते."
"मग दोन आकडा कशाला दिलात?"
"तुम्ही सांगितलंत म्हणून."
चहा दिला त्यांनी. नसता दिला तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर
पुढच्या खेपेला मी डेसच्या विरोधात उभा राहणार. आज त्याला फोन करून सांगितलं. तो हसला. मग हसायचा थांबला.