कॉम्प्युटरच्या पायावर पाणी

घोडेगाव, ता. नेवासा
बाजाराचा दुसरा दिवस

श्रीयुत व्याहीबुवा भाऊसाहेब यांना घोडेगावहून गहिनीनाथचा मानाचा रामराम. विहीणबाईंनाही सांगावा.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाई फोनवर सांगत होत्या की तुम्ही हल्ली जिना तिरके होऊन उतरता. चांगलं आहे, अवघड उतारावर म्हैससुद्धा तिरकीच उतरते आणि तिचा पाय कधी मुरगळत नाही. (राग मानू नये. माझ्याकडे तुलनेला दुसरं काही नसतं, हे लग्नाच्या बैठकीतच तुमच्या लक्षात आलं होतं.) उन्हाळा कडक आहे, ताक पीत जावं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता. कागदावर मला कोणी अडवत नाही, म्हणून पत्र.

तर विषय कॉम्प्युटरचा. होळीच्या सुमारास माधुरीच्या लॅपटॉपने मान टाकली. ती पुण्याच्या कंपनीसाठी लोकांच्या न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. पाया खणलेला नसतो, पण सोफा, पडदे, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन सगळं तयार असतं. (तुम्ही तिचे वडील, तुम्हाला हे ठाऊकच आहे. मला अलीकडे समजलं, आणि समजलेली गोष्ट लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.) त्या लॅपटॉपवर एक चित्र पिकायला अख्खी दुपार जायची आणि तो असा तापायचा की तुमची विहीण राहीबाई त्याच्यावर कुरडया वाळवायच्या गोष्टी करायला लागली. शेवटी कंपनीने कळवलं की महिनाअखेरपर्यंत धड मशीनची सोय करा, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. यावर तुमचा सल्ला असा आला की दिवाळीला नवीन मॉडेल येतंय, घाई करू नका, थांबा, आणि तोवर ओंकार-माधुरीने हडपसरला तुमच्याकडे येऊन राहावं. भाऊसाहेब, मी उभा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केली. समोरचा माणूस 'तोवर' म्हणाला की त्याच्या मनात काय चाललंय ते मला त्याच्या पापण्यांवरून कळतं. तोवर म्हणून गेलेली माणसं पुढे फक्त सणाला येतात. स्पष्टच लिहितो, मला सून जायला नको होती. ओंकारचं काय, तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असतो आणि घरी फक्त जेवायला येतो, त्याची अनुपस्थिती आम्हाला सवयीची आहे.

शिवाय थांबायचं म्हणजे काय ते मला कळेना. आमच्या बाजारात अजून जन्माला न आलेल्या म्हशीसाठी कोणी गोठा रिकामा ठेवत नाही. मी माधुरीला विचारलं, हे यंत्र तयारच घ्यावं लागतं का? ती म्हणाली, नाही नाना, सुटे भाग आणून घरीसुद्धा जोडता येतं, आणि तयार घेण्यापेक्षा चांगलं होतं. बस. मी त्याच क्षणी टोपी घातली. (ओंकारने सांगितलं की दुकान उद्या उघडेल. टोपी काढली.)

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नगरला उझैर नावाच्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मुलगा मोठा गुणी. माधुरीने हवे ते भाग सांगितले आणि त्याने एकेक डबा काउंटरवर मांडला. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, चालवून बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. मी म्हटलं, हा प्रोसेसर जरा चालवून दाखवा. उझैर म्हणाला, चाचा, हा एकटा कसा चालेल? मी म्हटलं, मग ज्याच्याबरोबर चालतो त्याला बोलवा. माधुरी तोंडाला पदर लावायला गेली, पण तिच्या अंगावर ड्रेस होता, त्यामुळे तिने पर्स लावली. मात्र माझी एक गोष्ट दोघांनाही मानावी लागली. रॅम नावाच्या दोन पट्ट्या असतात. उझैरने एक या कंपनीची आणि एक त्या कंपनीची काढली, कारण एकाच कंपनीच्या दोन शिल्लक नव्हत्या. मी म्हटलं, विजोड बैल कधी एका औताला चालतात का? एक ओढील, दुसरा रेंगाळेल. जोडी एका अंगाची, एका चालीची पाहिजे. उझैरने माझ्याकडे बघितलं, माधुरीकडे बघितलं आणि मुकाट्याने शेजारच्या दुकानातून सारखी जोडी मागवली. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. तुमच्या हडपसरला ज्यांनी कॉम्प्युटर घेतले असतील त्यांना विचारा, त्यांच्या पट्ट्या जोडीच्या आहेत का.

मग भावाची वेळ आली. मी खांद्यावरचं उपरणं काढून काउंटरवर पसरलं, त्याच्याखाली उझैरचा हात धरला आणि बोटं दाबून माझा भाव सांगितला. घोडेगावात व्यवहार असाच होतो, बाजूच्याला आकडा कळता कामा नये. उझैरला आधी वाटलं की मला चक्कर आली. त्याने पाणी मागवलं. पाणी पिऊन मी परत बोटं दाबली. तो म्हणाला, चाचा, किंमत डब्यावर छापलेली आहे आणि हात सोडा, मागे गिऱ्हाईक उभं आहे. शेवटी काय ठरलं ते लिहीत नाही, कारण उपरण्याखालचा भाव उपरण्याखालीच राहतो. पण जनावराबरोबर दावं द्यावं लागतं हा आमच्याकडचा रिवाज मी त्याला पटवून दिला आणि सगळ्या वायरी फुकट आणल्या. (ओंकारचं म्हणणं असं की त्या वायरी डब्यात येतातच. ओंकारला व्यवहारातलं काही कळत नाही, म्हणूनच त्याला लॅबमध्ये ठेवलंय.)

घरी पडवीतल्या टेबलावर जुळणीला बसलो. जुळणी आम्ही केली, म्हणजे हात माधुरीचे होते आणि बॅटरी मी धरली होती. सुरुवातीलाच तिने खिडकीच्या गजाला हात लावला. मला वाटलं, कामाआधी नमस्कार करते, म्हणून मीही गजाला हात लावून तो छातीला लावला. पुढे ती दर थोड्या वेळाने गजाला हात लावायची आणि मी दर वेळी नमस्कार करायचो. नंतर कळलं की अंगातली वीज उतरवायला तसं करतात. ते काही असो, आमच्या कॉम्प्युटरला जितके नमस्कार घडलेत तितके कारखान्यात बनलेल्या कॉम्प्युटरला घडले नसतील. प्रोसेसरवर एक करडं मलम लावतात, वाटाण्याएवढं. मला ते फारच कमी वाटलं, म्हशीच्या खुराला आम्ही मूठभर लावतो, पण तिने डबी माझ्या हातात येऊ दिली नाही. शेवटचा स्क्रू आवळून तिने बटण दाबलं आणि तीन पंखे निळे-जांभळे दिवे लावून फिरायला लागले. भाऊसाहेब, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पडवीत, आपल्या माणसांनी, नगरहून मांडीवर आणलेल्या डब्यांतून ते उभं केलं होतं.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर पुढचंही लिहितो. नवीन जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पाणी घालून, हळद-कुंकू लावूनच आत घ्यायचं, हा आमच्या घरचा नियम. आजवर एकही जनावर कोरड्या पायाने उंबरा ओलांडून गेलं नाही. कॉम्प्युटर पडवीतून माधुरीच्या खोलीत न्यायचा होता. ओंकारने तो आडवा उचलला, पाय पुढे करून उंबऱ्यापाशी आला आणि मी राहीबाईला हाक मारली. (हाक मीच मारली. ती बिचारी कुरडयांत होती.) त्या कॅबिनेटला खाली चार रबरी पाय आहेत, म्हणजे पाय नाहीत असंही म्हणता येईना. राहीबाईचा हात सढळ. तिने तांब्याभर पाणी घातलं ते चारही पायांवर, आणि पायांच्या मधोमध एक जाळी असते तिच्यावरही. त्या जाळीच्या आत एसएमपीएस नावाचा डबा बसवलेला असतो. भिंतीतली वीज घेऊन तो बाकीच्यांना वाटून देतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता कायमचं माहीत झालंय.

माधुरी ओरडली. लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. मग तिने डबा सोडवून बाहेर काढला, उलटा केला, तर आतून पाणी आणि कुंकू दोन्ही ठिबकलं. राहीबाई म्हणाली, "आगं माजे बाय, म्या पाय धुतलं, मला काय म्हाईत त्याचं पोट बी तितंच हाय!" यावर माधुरी हसली, पण डोळे पुसत हसली आणि म्हणाली, राहू द्या आई, आता पुण्यालाच जाऊ. महिना संपत आला होता. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आत राहायचं धाडस होईना.

तो डबा टॉवेलात गुंडाळून दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी एकटाच नगरला गेलो. उझैरने उघडून बघितला आणि आत कुंकू कसं आलं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो खुर्चीवर बसला, मग खुर्चीवरून उठून मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ तिकडून आवाज येत राहिले. तो परत आल्यावर मी त्याला आमच्या बाजारातला नियम सांगितला, की म्हैस घरी नेऊन दूध काढून बघायची मुदत असते आणि बोलल्याप्रमाणे निघालं नाही तर म्हैस परत घ्यावी लागते. तो म्हणाला, चाचा, नियम बरोबर आहे, पण तुम्ही म्हशीला विहिरीत ढकललंय. नवीन डबा छापील किमतीला घेतला. उपरणं खांद्यावरच राहिलं. बाकीच्या भागांना काही झालं नसेल ना, एवढंच वाटभर मनात होतं आणि ज्या ज्या देवळावरून एसटी गेली तिथे हात जोडत आलो.

काही झालं नव्हतं. डबा बसवला, बटण दाबलं आणि पंखे फिरले. आता ऐका. ज्या चित्राला अख्खी दुपार लागायची ते राहीबाईचा चहा उकळेपर्यंत तयार होतं. कंपनीने सोमवारी माधुरीचं काम बघून तिला घरूनच चालू द्या म्हणून कळवलंय. गाव बघायला येतंय. मी लोकांना कॅबिनेटच्या काचेतून आतली जोडी दाखवतो, पंख्यांचा आवाज नाही हे कान लावून ऐकायला लावतो. आमचा शेजारी गोरक्ष बराच वेळ चोहो बाजूंनी फिरून बघत होता. शेवटी म्हणाला, "नाना, लई देखनं हाय, पन देतं किती?" मी म्हटलं, दोन टायमाला घरभर सून. त्याला समजलं नाही. तुम्हाला समजेल.

विहीणबाईंना नमस्कार. आंबे पाठवतोय, गुडघ्याला चालतात.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. दिवाळीच्या नवीन मॉडेलची माहिती ओंकारने मोबाईलवर काढली. आपल्यापेक्षा कमीच आहे. मनाला लावून घेऊ नका.

ता. क. दुसरा. एवढं सगळं लिहिलं, पण खरं काम इथे आहे. यंत्र झालं, कंपनी राजी झाली, पण माधुरी स्वतःहून राहते म्हणून एकदाही बोललेली नाही. 'पुण्यालाच जाऊ' हे मात्र बोलली होती. मी सासरा. मी विचारलं तर ती मला आवडेल तेच उत्तर देईल. तुम्ही बाप आहात, तुम्हाला खरं सांगेल. एवढं विचारून मला कळवा. तिचं मन तिकडेच असेल तर मी रुसणार नाही. सगळे रिकामे डबे मी माळ्यावर जपून ठेवलेत, यंत्र त्यात भरून मी स्वतः हडपसरला आणून जोडून देईन. तिच्याशिवाय घर मला खायला उठेल, पण ते माझं मी बघेन.

ता. क. तिसरा. मी असं विचारलं हे तिला अजिबात कळू देऊ नका.

बाबा, खालचा मजकूर मी लिहितेय. नानांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याच हातात दिलं, पाकीट न चिकटवता. चिकटवायचं राहिलं, म्हणाले, आणि लगेच बाहेर जाऊन अंगणात उभे राहिले. बाजारात जन्म गेलेला माणूस असं काही विसरत नाही. मी कुठेही जात नाहीये. पाणी ठिबकलं त्या दिवशी रागात बोलले होते, तेवढंच. पण त्यांना इतक्यात कळवू नका. काल चहा घेताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ह्याच्यावर काम करायला दुसरी स्क्रीन असली तर सोपं जातं का म्हणून. मी 'हो, जातं' म्हणालेय. ती स्क्रीन आली की मीच सांगेन त्यांना.
माधुरी