रेशमा नावाच्या दोघी

प्रिय अभिमन,

फोनवर तू डेटाबेसचं तेवढं विचारतोस आणि दुसरं काही निघालं की लाइन खराब आहे म्हणतोस. धुळे-जळगाव लाइन इतकी वेळ साधून कशी बिघडते, ते तुलाच ठाऊक. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मध्येच कापता येत नाही.

आधी कामाचं. फिरत्या दवाखान्याच्या जीपमध्ये जो लॅपटॉप जाणार, त्यावर फॉक्सप्रो हा लॅपटॉपमध्येच चालणारा छोटा डेटाबेसच ठेवावा असं माझं मत झालंय. तुझ्या जळगावच्या ऑफिसातला मोठा डेटाबेस कितीतरी सरस, मान्य. पण सातपुड्याच्या पायथ्याशी फोनची तार पोचलेली नाही, आणि नर्सला समोरच्या पोराला तिथल्या तिथे गोळी द्यायची असते. जीप परत येईपर्यंत तुझ्या मशीनला त्या पोराचा पत्ताही नसणार. सोमवारी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला कळवायचंय, तेव्हा उगाच हट्ट धरू नकोस.

पण निवड झाली तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा चाचणीसाठी मी लताबाई नर्सबरोबर चोपड्याच्या वरच्या एका पाड्यावर गेले होते. दगडीबाई नावाची बाई वर्षाची पोर कडेवर घेऊन आली. लताबाईंनी पोरीचं, बापाचं, गावाचं नाव टाइप केलं आणि पडद्यावर लगेच माहिती आली. रेशमा, वय नऊ, सिकलसेल, रक्त तपासलेलं. लताबाई हसल्या, मग कडेवरच्या पोरीकडे बघून त्यांनी पडदा पुन्हा वाचला. दगडीबाई म्हणाली, “मोठी गई. हाई बी रेशमाच शे.”

मोठी सातव्या वर्षी गेली, अभिमन. जन्मतारखेवरून वय काढायला आपण मशीनला शिकवलं आणि थांबायचं शिकवलंच नाही, म्हणून ती आत वाढतेच आहे. आणि धाकटीला मशीन आत घेईना. नाव, बाप आणि गाव मिळून एक माणूस, असं आपण दोघांनी मोठ्या ऐटीत ठरवलं होतं ना? हिचं रक्त तपासलेलं नाही, तरी तपासलंय म्हणून दिसतं. उद्या दुसरी नर्स थोरलीच्या गोळ्या हिला देऊन मोकळी होईल.

एकाच नावाच्या दोघी आहेत एवढंच फोनवर सांगितलं, तर तू लगेच म्हणालास, जुनी डिलीट कर, नवी भर. किती सहज म्हणालास. सिकलसेल आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तेव्हा थोरलीचा आजार धाकटीच्या डॉक्टरला कळायला हवा, हे तर आहेच. शिवाय फॉक्सप्रोत डिलीट केलेलं लगेच जात नाही, नुसती खूण होते आणि नोंद तिथेच बसून राहते. काल दुपारी मी खूण झालेल्या नोंदी उघडून पाहिल्या. बहुतेक सगळी गेलेली लहान मुलं. वाचता वाचता मीही मनातल्या मनात वय मोजायला लागले, आपल्या उत्पलाचं. पाच झालं असतं.

ती गेल्यावर तू जळगावातच राहिलास, मी इथे धुळ्यात नोकरी धरली. नोकरीचं कारण सांगत आपण दोघंही लोकांना फसवतो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. शनिवारी तू येतोस, चहा पितोस, प्रोग्राममधल्या चुका सांगतोस आणि रविवारी संध्याकाळची एसटी धरतोस. तिचं नाव या घरात कोणी उच्चारलेलं नाही.

रेशमाचं मी ठरवलं. प्रत्येक मुलाला स्वतंत्र नंबर, आणि गेलेल्याची तारीख नोंदवायची, म्हणजे वय तिथे थांबेल. दोघी राहतील, आपापल्या जागी. पुढच्या खेपेला लताबाई धाकटीचं रक्त घेतील.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला तिसरा महिना आहे. तुला सांगायच्या आधीच सोनगीरला तुझ्या आईंनी माझ्या चालण्यावरून ओळखलं. माझे हात धरून रडल्या आणि म्हणाल्या, “तेच नाव ठेवजो माय, पोर परत ई राहिनी.” त्यांची माया मला कळते. तूही मान डोलावशील, याची मला भीती वाटते. पण हे बाळ उत्पला नाही. तिच्या नावानं मी याला हाक मारली, तर जन्मभर दुसरंच कोणीतरी ओ देतंय असं मला वाटत राहील. दुसरं नाव शोधायचं, अभिमन. शनिवारी ये, आणि आल्याबरोबर आधी उत्पलाचं नाव घे. मोठ्यानं. दोन वर्षांत मी ते तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

तुझीच, वाट बघत असलेली,
कुंदा