घंटांचं दार

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

उघडलं! मी उघडलं ते दार!

सूनबाई मोनिका आठ दिवस तिथंच अडकली होती. तिचा लॅपटॉपवरचा खेळ — उजाड बंदराचं गाव, धुकं, अन् कंदील घेऊन भावाला शोधणारी एक पोरगी. वारा असा घोंघावतो, की शेजारी लसूण सोलताना मी पदर आवळून घेते. दारावर सात घंटा. बरोबर क्रमानं वाजवल्या तरच उघडतं. मोनिका नुसती चिडायची. अगं, खेळातल्याच कौलावरची सात पाखरं कशी एकामागं एक उडतात, तसंच वाजवायचं की!

ती कामावर गेली अन् मी बसले. ढण्ण! मग लॅपटॉप मिटून वरणाला फोडणी दिली. साळसूद!

११ फेब्रुवारी

"आई, हे दार मी कधी उघडलं?"

"मला काय कळतंय बाई त्यातलं?"

तीस वर्षं अंगणवाडी चालवली. तपासणीला आलेल्या साहेबांपुढं चेहरा कोरा ठेवायची सवय हाय!

१४ फेब्रुवारी

आज दीपस्तंभ. आरसे फिरवून उजेड बरोबर खिडकीत पाडायचा. जमलं! भाजी मात्र करपली — गॅसवर ढकललं.

इंग्रजी पाट्या वाचता येत नायत. पण पोरगी कशी चालते त्यावरून कळतं, भ्यायलीय. "चल गं, मी हाय ना!" — मोठ्यानं बोलले की काय! शेजारच्या चतुराबाईनं खिडकीतून विचारलं, "लीलाबाई, पाहुणे आले का?"

१८ फेब्रुवारी

मोनिका स्वयंपाकघरात रडत होती.

"आई, दार मी उघडलं, दीपस्तंभ मी लावला, अन् मला काहीच आठवत नाहीये. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं."

खुलताबादची विहीणबाई. बावन्नाव्या वर्षी पोटच्या पोरीला "तुम्ही कोण?" विचारायची.

शनिवारची मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय म्हणे. लाज वाटली. लई.

२० फेब्रुवारी

सांगून टाकलं! पाखरं, आरसे, करपलेली भाजी — सगळं.

मोनिका खाली फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. उशी फेकून मारली मला! "आई, तुम्ही? तुम्ही!" पुढचं दोघींनी मिळून खेळायचं ठरलं.

२१ फेब्रुवारी

जेवताना मोनिका म्हणाली, "अन् बोटीचं कुलूप? तेही तुम्हीच ना? भारी डोकं हो आई!"

मी "व्हय" म्हणाले.

बोटीपर्यंत मी पोचलेच नव्हते. माझा लेक कृष्णा आठवडाभर जालन्याला, कामावर. घरात आम्ही दोघीच.

ती डॉक्टरची वेळ रद्द करायला निघाली. मी म्हणाले, "राहू दे गं. मलाच हल्ली विसरायला होतंय. उद्या मला दाखवू. तू नुसती सोबत चल."