कोरडा हॉर्न

रविवार, संध्याकाळ. नाशिक.

सदूकाकांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाहीये. लग्नाच्या बँडमध्ये मला फुंकायला शिकवलं ते त्यांनीच. आज दुपारी आमच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात पोस्ट हॉर्नची, म्हणजे जुन्या टपालगाडीवरच्या पितळी शिंगाची, धून होती, म्हणून त्यांनी स्वतःचा जुना हॉर्न घासून-पुसून मला दिला. त्याला सूर बदलायला दाबायचे पिस्टन नाहीत, सगळे सूर ओठांनीच काढायचे. तालमीत दोनदा सूर फसला आणि मी घाबरलो. धून तर पडद्यामागूनच वाजवायची होती. कोणाला कळणार? मी आपला पिस्टनवाला ट्रम्पेट उचलला आणि कार्यक्रमात धून त्यावरच वाजवली.

नंतर काका आत आले, डोळे भरलेले. "लय गोड वाजला रे माझा हॉर्न!" तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? नुसता हसलो आणि हॉर्न त्यांच्या हातात दिला.

वाजवून झालं की फुंकताना श्वासाने आत साठलेलं पाणी झटकायचं, ही सवय मला त्यांनीच लावलेली. त्यांनी हॉर्न उलटा करून झटकला. एक थेंब पडला नाही. पुन्हा झटकला.

मग पिशवीत घातला. "सांभाळून जा घरी," एवढंच म्हणाले.