शाहीनची ओलसर भुकटी

९ एप्रिल, संगमनेर
"किती वाळवशील गं सुनंदा, कुरडया घालायच्यात का?" नगरला एम.एस्सी.ला असताना शाहीन म्हणाली होती. आज कॉलेजच्या लॅबमध्ये ओव्हनमधून भुकटी काढताना एकदम ऐकू आलं. भुकटी कडकडीत, स्वच्छ. प्रोटॉन किती वाहतात ते मोजणाऱ्या मशीनवर मात्र पुन्हा शून्य. प्रोटॉन हलायला तयार नाहीत.

१० एप्रिल
कृती शाहीनचीच. धातू आणि सेंद्रिय आम्लाची जाळी, आत बारीक पोकळ्या. तेव्हा नुसते सुंदर स्फटिक म्हणून केले होते तिनं. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन सेलमध्ये प्रोटॉन पलीकडे सोडणारा पडदा लागतो, त्याला असलं काही चालेल, हे कुणाच्या डोक्यात होतं! ती ते ओल्या फडक्याखाली ठेवायची. सर ओरडायचे. मी हसायचे. तिच्या डब्यातल्या शेवया दोघी एकाच चमच्यानं...
महिनाअखेर शोधनिबंध गेला नाही तर प्रकल्प बंद.

११ एप्रिल
आज ओव्हन लावलाच नाही. भुकटी गाळली, ओल्या फडक्याखाली ठेवली, दाबून तिची गोळी केली. दमट डब्यात ठेवून मोजली.
वाहतंय! पुन्हा मोजली. वाहतंय.
पोकळीतल्या पाण्यावरूनच प्रोटॉन उड्या मारत जातो. मला वाटायचं, वाळवलं तरी दमट हवेत पाणी परत शिरेल. पण इतकं तापवल्यावर पोकळ्याच मिटत होत्या. आणि हे मी वर्गात शिकवते.

१२ एप्रिल
शाहीनला फोन. सुप्याला कारखान्यात तपासणी विभागात असते.
"तुझी भुकटी चालली गं."
"कुठं चालली? पळाली का काय?"
खूप हसलो. मग म्हटलं, निबंधावर तुझं नाव पहिलं.
"येडी हायस का? मी आता रंगाचे डबे तपासते बाई. मला नको त्यात ओढू."
तिचे अब्बा आजारी पडले तेव्हा 'सहा महिन्यांत येते' म्हणून लॅब सोडून गेली होती. मी तिचं टेबल बरेच दिवस कुणाला दिलं नाही.
फोन ठेवता ठेवता हळूच विचारलं तिनं, "स्फटिक अजून तसेच चमकतात का गं?"

१५ एप्रिल
निबंध तयार. तिच्या संमतीशिवाय नाव घालता येत नाही. नाव न घालता पाठवायला मन होत नाही.
आत्ता मेसेज केला: शाहीन, रविवारी सुप्याला येते. तू नाहीच म्हणणार, माहीत आहे. तरी एकदा हो म्हण.